फाइल उघडणे हेच आमचे काम आहे

प्रति,
सर्व संस्थांचे प्रमुख, प्रशासन अधिकारी आणि माहिती तंत्रज्ञान विभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

‘अनोळखी पत्त्यावरून आलेली अटॅचमेंट उघडू नये. उघडल्यास होणाऱ्या नुकसानीस संबंधित कर्मचारी जबाबदार राहील.’ हे वाक्य तुमच्या परिपत्रकात असतेच. कुठे जाड ठशात, कुठे लाल अक्षरांत. आम्ही ते वाचतो, माना डोलावतो आणि पुढच्याच मिनिटाला इनबॉक्समधल्या अनोळखी पत्त्यांवरच्या अटॅचमेंट उघडायला बसतो. आम्हाला पगार त्याचाच मिळतो.

नोकरीसाठी अर्ज करणारा उमेदवार ओळखीचा नसतो. पहिल्यांदाच बिल पाठवणारा पुरवठादार ओळखीचा नसतो. तक्रारीसोबत फोटो जोडणारा ग्राहक तर कधीच नसतो. भरती, लेखा, आवक-जावक, ग्राहक सेवा या टेबलांवर बसलेल्यांनी तुमचे परिपत्रक एक दिवस शब्दशः पाळले तर अर्ज पडून राहतील, बिले थकतील आणि कामात कुचराई केली म्हणून कारणे दाखवा नोटीस निघेल. बहुधा तीही अटॅचमेंट म्हणूनच येईल.

माझे म्हणणे एवढेच आहे की त्या वाक्याने एकही कॉम्प्युटर वाचत नाही. उद्या काही झालेच तर खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचे, एवढेच त्याने आधी ठरवून ठेवलेले असते.

शिवाय ते वाक्य बोट दाखवते तेही भलतीकडेच. ‘मेलिसा’ आठवत असेल. २६ मार्च १९९९ रोजी पसरायला लागलेला हा व्हायरस वर्डच्या फाइलमधून यायचा आणि फाइल उघडली की आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःच स्वतःला रवाना करायचा. सोबतचा मजकूर असा की, तुम्ही मागितलेले डॉक्युमेंट पाठवत आहे, दुसऱ्या कोणाला दाखवू नका. पाठवणाऱ्याचे नाव खरे आणि पत्ताही खरा, कारण मेल खरोखरच त्याच्या मशीनवरून निघालेला असे. पुढच्या वर्षी, ४ मे २००० रोजी, फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ निघाला. तो ५० वर थांबला नाही, अख्ख्या ॲड्रेस बुकला जाऊ लागला. पेंटागॉनपासून ब्रिटिश संसदेपर्यंत अनेकांना आपली मेलसेवा काही काळ बंद ठेवावी लागली. तो लिहिणाऱ्या तरुणाला शिक्षा करायला तेव्हा त्या देशात लागू पडेल असा कायदाच नव्हता. कायदा झाला तो पुढच्या महिन्यात, म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

जानेवारी २००४ मधल्या ‘मायडूम’ची चाल मला जास्त बोचते. ‘आपला मेल पोहोचू शकला नाही, तपशील सोबतच्या फाइलमध्ये आहे’ अशा थाटात तो यायचा. कामाची काळजी असलेला माणूस ती फाइल आधी उघडणार आणि निष्काळजी माणूस ती तशीच सोडून देणार, हे त्याच्या कर्त्याने बरोबर हेरले होते. आणखी दहा वर्षांनी आलेल्या ‘इमोटेट’ने याच्याही पुढची पायरी गाठली. तो आधी पकडलेल्या मेलबॉक्समधली जुनी खरी पत्रे उचलायचा आणि त्यांनाच उत्तर द्यायचा. विषय तोच, खाली तुमचाच महिन्यापूर्वीचा मजकूर, वर दोन ओळी आणि एक वर्ड फाइल. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो परत आला.

आता सांगा, तुमच्या परिपत्रकातल्या ‘अनोळखी’चे काय करायचे? इतक्या दूरवर पसरलेले हे व्हायरस ओळखीच्या दारातूनच आत शिरले होते.

‘आय लव्ह यू’बद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आजही त्या घटनेचा उल्लेख ‘लोक प्रेमपत्राला भुलले’ असा हसत हसत केला जातो. त्या फाइलच्या नावाचा शेवट ‘.टीएक्सटी.व्हीबीएस’ असा होता. यातला शेवटचा तुकडा महत्त्वाचा. ती चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे उघडताच कॉम्प्युटरकडून कामे करून घेणारी फाइल, आहे हे त्याच तुकड्यावरून कळते. पण विंडोज ओळखीची एक्स्टेंशन्स, म्हणजे नावाच्या शेवटचे असे तुकडे, लपवून ठेवते, आणि तेही कोणी न सांगता, मुळातच. त्यामुळे लोकांना पडद्यावर दिसले ते ‘.टीएक्सटी’, म्हणजे निरुपद्रवी साधा मजकूर. ज्यांनी नाव शेवटपर्यंत वाचून मग फाइल उघडली, तेही फसले. पुढच्या फेब्रुवारीत एका टेनिसपटूच्या फोटोच्या नावाखाली ‘.जेपीजी.व्हीबीएस’ फिरली. युक्ती तीच आणि पडदाही तोच.

पाव शतक उलटले. नवा विंडोज कॉम्प्युटर आजही खोक्यातून निघतो तो एक्स्टेंशन्स लपवूनच. फाइल एक्सप्लोररमध्ये एका चौकोनात खूण केली की ती दिसू लागतात आणि तुमच्या विभागाला ती खूण सगळ्या मशीनवर एका जागेवरून करता येते. तसेच ‘.जेएस’ आणि ‘.व्हीबीएस’ फाइलवर डबल क्लिक केल्यावर ती चालू न होता नोटपॅडमध्ये नुसता मजकूर म्हणून उघडावी, अशी सोयही करता येते. लेखा विभागातल्या कोणालाही अशी स्क्रिप्ट डबल क्लिकने चालवायची गरज जन्मात पडत नाही. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. तुमच्याकडे हे केलेले आहे का, एवढे तरी आज तपासून पाहाल?

मग येतात मॅक्रो, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या फाइलमध्येच घालता येणारे छोटे प्रोग्राम. वर्डच्या मॅक्रोतून पसरणारा ‘कॉन्सेप्ट’ दिसला तो १९९५ मध्ये. तेव्हापासून उपाय म्हणून आम्हाला काय मिळाले, तर एक पिवळी पट्टी. ‘सावध राहा’ असे सांगणारी आणि शेजारीच ‘एनेबल कंटेंट’चे बटण ठेवणारी. व्हायरसवाल्यांनी मग फाइलमध्येच सूचना लिहायला सुरुवात केली की मजकूर नीट दिसण्यासाठी वरचे बटण दाबा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो सरसकट अडवायचे, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले ते फेब्रुवारी २०२२ मध्ये. जुलैमध्ये निर्णय काही दिवस मागेही घेतला, मग पुन्हा लागू केला. त्यानंतर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. हल्लेखोरांनी मॅक्रोचा मळलेला रस्ता बऱ्याच अंशी सोडला आणि आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची नक्कल), शॉर्टकट, २०२३ च्या सुरुवातीला वननोट या टिपणवहीच्या फाइल अशा आडवाटा धरल्या. म्हणजे ते संपले नाहीत, नव्या खटपटीला लागले. पण वर्षानुवर्षांच्या परिपत्रकांनी त्यांचे जे बिघडले नव्हते ते मुळातली एक सेटिंग बदलल्याने बिघडले.

आणि आपल्याच संस्थांत काय चालते? अंतर्गत अर्जाचा नमुना कोणीतरी फार पूर्वी मॅक्रो घालून बनवलेला असतो. तो उघडला की आमचाच विभाग आम्हाला सांगतो, ‘वरचे पिवळे बटण दाबा, मगच फॉर्म भरता येईल.’ दर महिन्याला हे बटण दाबायचा सराव तुम्हीच करून घेता आणि एखाद्या दिवशी तेच बटण भलत्या फाइलवर दाबले गेले की विचारता, अक्कल कुठे गेली होती!

पासवर्ड लावलेल्या झिप फाइलचेही तसेच. ‘गोपनीय’ म्हणून झिपला पासवर्ड लावायचा आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये किंवा पाच मिनिटांनी दुसऱ्या मेलमध्ये पाठवायचा. मेल चोरून वाचणाऱ्याला दोन्ही मिळतातच. अडते ते फक्त मेल सर्व्हरवरच्या तपासणीचे, कारण कुलपाआड काय आहे ते तिला दिसत नाही. २००४ मध्ये ‘बेगल’ व्हायरसने नेमका याचाच फायदा घेतला होता. कुलूपबंद झिप आणि किल्ली मेलच्या मजकुरात. जपानमध्ये ही झिपची पद्धत सरकारी आणि खासगी कार्यालयांत इतकी मुरली होती की ती बंद करण्याची घोषणा नोव्हेंबर २०२० मध्ये एका मंत्र्याला करावी लागली. आपल्याकडे निदान एक परिपत्रक त्यासाठी निघायला हरकत नाही. ते कृपया झिप करून पाठवू नये.

आता ज्या घटनेमुळे हे पत्र लिहायला घेतले तिच्याकडे येतो. आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या, म्हणजे एचएसईमधल्या, एका कर्मचाऱ्याला १६ मार्च २०२१ रोजी एक मेल आला. सोबत एक्सेलची फाइल. १८ मार्चला ती उघडली गेली. तुमच्या परिपत्रकाप्रमाणे गोष्ट इथेच संपते, कारण दोषी सापडला. प्रत्यक्षात ती इथे सुरू होते.

३१ मार्चला त्या मशीनवरच्या अँटिव्हायरसने ‘कोबाल्ट स्ट्राइक’ आणि ‘मिमिकॅट्झ’ ही साधने ओळखली. हल्लेखोरांच्या हातात ही दोन्ही नेहमी दिसतात. अँटिव्हायरसला ती दिसली खरी, पण त्याने ती अडवली नाहीत, कारण ‘फक्त पाहा, अडवू नका’ अशाच सेटिंगवर तो ठेवलेला होता. त्या मशीनवरच्या अँटिव्हायरसची व्हायरस ओळखण्याची यादी वर्षाहून अधिक काळ अद्ययावत केलेलीही नव्हती. हल्लेखोर मग आतल्या आत फिरत राहिले. मे महिन्यात काही रुग्णालयांच्या यंत्रणांमध्ये खुणा दिसू लागल्या. १३ मे रोजी सुरक्षा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी एचएसईला मेल करून कळवले की किमान १६ यंत्रणांवर ७ मेपासूनचे धोक्याचे इशारे कोणी हाताळलेलेच नाहीत. १४ मेच्या पहाटे रॅन्समवेअर, म्हणजे फाइलना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम, फुटला आणि देशभरातल्या रुग्णालयांना कागद-पेन हाती घ्यावे लागले. तपासण्या रद्द झाल्या, अपॉइंटमेंट पुढे गेल्या, सावरायला महिने लागले.

एक क्लिक आणि त्यानंतर आठ आठवडे. क्लिक करणाऱ्या बोटाला एक सेकंद लागला असेल. पुढचे आठ आठवडे त्या बोटाचे नव्हते, ते पाहणाऱ्यांचे, सेटिंग ठरवणाऱ्यांचे आणि खर्च मंजूर करणाऱ्यांचे होते. एचएसईने हे झाकले नाही, याबद्दल मात्र तिला मानले पाहिजे. बाहेरच्या संस्थेकडून चौकशी करून घेतली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल सगळ्यांसाठी खुला केला. वरच्या तारखा त्यातल्याच आहेत. वरिष्ठ पातळीवर सायबर सुरक्षेची जबाबदारी कोणा एकाकडे दिलेलीच नव्हती, असेही त्यात लिहिले आहे. तुमच्या संस्थेत अशी जबाबदारी कोणाकडे आहे? त्या व्यक्तीचे नाव आम्हाला ठाऊक नाही. परिपत्रकाखाली सही असते ती आस्थापना विभागाची.

आम्ही सगळे धुतल्या तांदळासारखे आहोत असे मी म्हणत नाही. २०११ मध्ये आरएसए या सुरक्षा उत्पादने विकणाऱ्या कंपनीतच हल्ला झाला तेव्हा भरतीच्या नियोजनाची म्हणून आलेली एक्सेल फाइल मेलच्या गाळणीने बरोबर जंक फोल्डरमध्ये टाकली होती. एका कर्मचाऱ्याने ती तिथून बाहेर काढून उघडली. यावर मी त्या कर्मचाऱ्याची बाजू घेणार नाही. पण त्या तक्त्याच्या पोटात फ्लॅशची, म्हणजे ॲनिमेशन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, एक चीज दडवलेली होती आणि ती फाइल उघडताच आपोआप चालली. भरतीच्या तक्त्याला आत फ्लॅश चालवण्याची मुभा कशासाठी हवी होती? हा प्रश्न त्या कर्मचाऱ्याने विचारायचा नव्हता.

तुम्ही अधूनमधून आमची परीक्षा घेता, तिच्याबद्दलही दोन शब्द. बनावट मेल पाठवायचा, क्लिक करणाऱ्यांची यादी काढायची आणि त्यांना प्रशिक्षणाला बसवायचे. आमिष कसले असते, तर कधी बोनसचे, कधी रजेच्या मंजुरीचे. ज्या आशेवर माणूस महिना ढकलतो तिचाच गळ करायचा, हे मला तरी कोतेपणाचे वाटते. आणि उपयोग? झुरिचच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी एका मोठ्या कंपनीत १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर १५ महिने हा प्रयोग केला आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. क्लिक केल्यावर लगेच शिकवणीचे पान दाखवल्याने ते लोक जास्त सावध झाले नाहीत, उलट पुढच्या वेळी फसण्याचे प्रमाण त्यांच्यात थोडे वाढलेले दिसले. उपयोगी ठरली ती वेगळीच गोष्ट. मेलमध्ये ‘हे संशयास्पद आहे’ असे कळवण्याचे एक बटण दिले होते. इतक्या लोकांपैकी कोणी ना कोणी ते लवकर दाबत असे, आणि तेवढ्यावरून नवा हल्ला वेळीच ओळखता येत असे. महिने उलटले तरी लोक बटण दाबायला कंटाळले नव्हते.

थोडक्यात, हजारातल्या प्रत्येकाने कधीच चुकू नये अशी अपेक्षा फोल आहे. पण हजारात एक जण लवकर बोलेल, ही अपेक्षा रास्त आहे. त्याने बोलावे असे वाटत असेल तर बोलल्यावर त्याचे काय होते, याकडे पाहायला हवे. एका कार्यालयात मी पाहिले आहे की, फाइल उघडल्यावर पडदा क्षणभर चमकला, काहीतरी विचित्र झाले, आणि शेजारच्या टेबलावरून दबक्या आवाजात सल्ला आला, ‘मेल डिलीट करून टाक, कोणाला सांगू नकोस, नाहीतर मेमो मिळेल.’ हल्लेखोराला याहून चांगला साथीदार मिळणार नाही. तुमची धमकी फाइल उघडण्यापूर्वी कोणाला आठवत नाही, आठवते ती उघडल्यानंतर. आणि तेव्हा ती माणसाचे तोंड बंद करते.

माहिती तंत्रज्ञान विभागातल्या मंडळींवर माझा राग नाही. तीन माणसांनी तीनशे मशीन सांभाळायची, प्रिंटरच्या अडकलेल्या कागदापासून सगळे पाहायचे आणि बॅकअपसाठी निधी मागितला की ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकायचे, हे आम्हीही बघतो. नियम सगळ्यांना सारखे लावायचे म्हटले तर पहिली सूट वरिष्ठांच्या लॅपटॉपला मागितली जाते, हेही त्यांना विचारा. ॲडमिनचे, म्हणजे मशीनवर काहीही बदलण्याचे, अधिकार शिपायाकडे नसतात, लिपिकाकडे नसतात, पण साहेबांना मात्र हवे असतात. साहेबांकडे येणाऱ्या अटॅचमेंट काही वेगळ्या गंगेतून येत नाहीत.

म्हणून संस्थाप्रमुखांना सांगणे आहे की, बाहेरच्या फाइल उघडणे हे काही टेबलांचे रोजचे काम आहे हे एकदा मान्य करा. मग त्या टेबलांसाठी वेगळी व्यवस्था करावी लागेल हे आपोआप पुढे येईल. अर्ज आणि बिले मेलऐवजी अशा ठिकाणी अपलोड करून घेता येतील, जिथे ती आमच्या मशीनवर येण्याआधी तपासली जातील. आलेली फाइल आधी ब्राउझरमध्ये नुसती पाहता येईल, मशीनवर चालवावी लागणार नाही. ज्या मशीनवर बाहेरच्या फाइल उघडतात तिथून पगाराच्या आणि हिशेबाच्या सर्व्हरपर्यंत थेट वाट नसेल. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असेल, आणि ती परत चढते की नाही हे कोणीतरी खरोखर चढवून पाहिलेले असेल. आमच्या टेबलांवरचे काम यामुळे थोडे हळू होईल. आमची तयारी आहे, तुम्ही फक्त ‘अर्ज अजून का पाहिले नाहीत’ असे विचारू नका.

आणि फाइल उघडल्यावर शंका आली तर काय करायचे, तेही आताच ठरवा. नेटवर्कची वायर काढायची, वायफाय बंद करायचे, मशीन मात्र चालू ठेवायचे की नाही, हे तुमच्या विभागाने सांगायचे, कारण बंद केल्याने मेमरीतला पुरावा जातो. सावध करण्याच्या भरात तोच मेल दहा जणांना फॉरवर्ड करायचा नाही. मेलवर कळवायचे नाही, कारण मेलच हल्लेखोराच्या हाती असू शकतो. फोन करायचा. आत्ताच्या परिपत्रकाच्या चार पानांत जबाबदारी कोणाची हे तीनदा आले आहे, फोन नंबर एकदाही नाही.

पुढचे परिपत्रक काढाल तेव्हा आमच्यासाठी त्यात दोनच ओळी पुरेत. पहिली, संशय आला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा आणि कार्यालय सुटल्यानंतर तो कोण उचलते. दुसरी, पहिल्या तासात फोन करणाऱ्यावर कारवाई होणार नाही, खाली तुमच्या स्वतःच्या सहीनिशी. उरलेली पाने तुमच्या विभागांसाठी वापरा.

कळावे,

आपला विश्वासू,
आवक मेल सांभाळणारा एक कर्मचारी